नाव नसलेले दोन बोल्ट

मामा,

तुझ्या दहाव्याला माइकवरून काय काय बोललं गेलं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. त्यातलं शेवटचं मी बोलले आणि ते तुला आवडलं नसतं. तरी ऐकावं लागेल. बाकीचे सगळे तुझ्याविषयी गोड बोलले. मी तुझ्याशी कधी गोड बोलले नाही. आता तू उलट उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून गोड बोलायला लागणं मला लबाडीचं वाटतं.

आधी ती दुपार. मी बेलापूरला होते. ऊसतोड करणाऱ्यांच्या पोरांना फडावरच शाळा मिळावी, या मागणीचं पत्रक वाटायला गेले होते. मामीनं नंतर मला ती दुपार तीनदा सांगितली, आणि तीनही वेळा अगदी त्याच शब्दांत. तिनं जेवायला हाक मारली, तू ओ दिली नाहीस. ती गॅरेजमध्ये आली. तू स्टुलावर बसला होतास, डोळे मिटून, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, त्याचं टोक लोखंडी बाकड्यावर टेकवून. इंजिनातली खुसपुस तू अशीच ऐकायचास. तेव्हा कुणी बोललेलं तुला खपत नसे, म्हणून मामी दारातच गप्प उभी राहिली. बराच वेळ. मग तिच्या ध्यानात आलं.

"समोर गाडीच नव्हती गं," मामी म्हणते. "रिकामं गॅरेज, आन हे ऐकत बसलेले."

काय ऐकत होतास मामा? हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नाही. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते; मी मुळाक्षरं त्यांच्यावर गिरवली. मेलेला माणूस काही ऐकत नसतो हे मला पाठ आहे. तरी आजकाल गॅरेजचं शटर वर केलं की मी आधी थोडी थांबते, आत कुणाचं काही चाललंय का ते पाहते आणि मगच पाऊल टाकते.

आपलं भांडण मी बारावीच्या सुट्टीत गॅरेजवर यायला लागले तेव्हापासूनचं. नगरच्या मनमाड रोडला इतकी गॅरेजं, पण व्हॅनचा सायलेन्सर म्हटलं की लोक तुझ्याकडं यायचे. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप जिथं जोडलेला असतो तो जोडही तिथंच, माणसाच्या बुडाखाली. दोन बोल्ट आणि मध्ये एक पातळ पॅकिंग, एवढाच काय तो आडोसा. दोन्ही बोल्ट सारख्या जोरानं कसले नाहीत तर जोड एका बाजूनं उचलला जातो. एक ढिला राहिला की गळतो, जास्त कसला की तापल्यावर तुटतो. आणि तिथून जे गळतं त्यातल्या खऱ्या विषाला रंग नाही, वास नाही. पहिल्याच दिवशी तू मला म्हणालास, "जी गळती वरडती ती मानसाला उठिवती. जी गप बसती ती झोपिवती. आन लई गोड झोप असती ती."

मी तेव्हा हसले होते. तू नव्हतास हसत.

ती गप्प गळती शोधायची तुझी रीत मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. इंजिन थंड असताना चालू करायचं, उदबत्ती पेटवायची आणि जोडाच्या कडेकडेनं हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठंतरी तो अचानक मोडायचा, जसं कुणी फुंकर घातली. तिथं तू खडूनं खूण करायचास. एका म्हातारबाबांनी ते पाहून व्हॅनसमोर हात जोडले होते. "मिस्त्री, लई भक्तिभाव हाय तुमचा." तू म्हणालास, "व्हय बाबा, पन ह्यो देव परसन्न झाला की मानूस मरतो."

मी टॉर्क पाना आणला तो छापखान्यातल्या कामाच्या पहिल्या पैशातून. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक बोल्टचा जोर किती ते दिलेलं असतं. तो आकडा पान्यावर लावायचा आणि ओढायचं. जोर नेमका भरला की पाना हातात 'टक' करतो. त्याच्यापुढं ओढायचं नाही. तू त्याला 'काट्याचा पाना' म्हणालास आणि दोन बोटांनी उचलून, मेलेला उंदीर उचलावा तसा, माझ्या पिशवीत परत ठेवलास.

"ह्यो माज्या गॅरेजात नगं."

"का?"

तेव्हा तू एमआयडीसीतल्या कारखान्याचं सांगितलंस. पंधरा वर्षं तू तिथं बोल्ट कसलेस. सुपरवायझर मागून यायचा, तुमच्या प्रत्येक बोल्टला काट्याचा पाना लावायचा आणि ज्याचा बोल्ट कमी भरला त्याला पाळी संपेपर्यंत सगळ्यांदेखत भिंतीशी उभं करायचा. तुलाही एकदा केलं होतं.

"काटा मालकाचा असतो, पुढारीण. तुज्या पत्रकात न्हाई व्हय लिवलेलं ह्ये?"

"काटा कुणाच्या बापाचा नसतो, मामा. तुला आणि मालकाला आकडा एकच. हात मात्र एकट्याचा असतो. माणूस गेला की तो गेला."

"मी काय मरायला टेकलोय व्हय?"

"माणसाच्या आधीसुद्धा हात मरतो कधी कधी."

हे मी बोलले. का बोलले माहीत नाही. वादात शेवटचा शब्द आपला असावा एवढ्यासाठी. तू उजव्या हाताकडे पाहिलंस, तळवा वर, पालथा, पुन्हा वर. मग पान्याकडं पाठ करून कामाला लागलास. त्यानंतर तीन वर्षं तुझा हात ठणठणीत होता. तरी ते वाक्य माझ्या तोंडून आधी निघालं आणि मग खरं झालं, हे मला अजून नीट सहन होत नाही.

यंदा दिवाळीच्या आधी तुला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, पायाला जपा, हाताला जपा, नसा बधिर होतात. तू घरी येऊन हसलास. "नगर जिल्ह्यात शुगर न्हाई कुनाला? कारखान्यालाबी हाय."

आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी ते झालं. एक गाडी नुकतीच लांबून आली होती. तिचा पाइप तापून निळा पडला होता. तू बोलता बोलता तो उजव्या हातात धरलास. नुसता हात लावला नाहीस, धरलास, आणि माझ्याशी बोलत राहिलास. मला आधी वास आला. तुलाही वासच आला असणार, कारण तू नाक वर केलंस आणि कुठून येतोय म्हणून आजूबाजूला पाहिलंस. मग खाली, आपल्या हाताकडं. तू हात सोडवून घेतलास, पण घाई केली नाहीस. माणूस झोपेतून हळूहळू उठतो तसा.

"बगितलंस काय?" तू विचारलंस.

"काय?" मी म्हणाले.

बस. एवढंच बोलणं झालं आपलं. उभ्या जिल्ह्याला मी सत्य सांगत हिंडते, चौकात उभं राहून अधिकाऱ्यांची नावं घेते, आणि तुझ्यासमोर मी "काय?" म्हणाले. कारण तुझ्या डोळ्यांत विनवणी होती. मी तुझी विनवणी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, हे आपण पाहिलंच नाही असं केलं तर ते झालंच नाही असं होईल. ज्या गोष्टीसाठी मी इतरांना फाडून खाते ती मी केली, मामा. ती मायेपोटी केली, पण ज्यांना मी फाडून खाते तेही सगळे मायेचंच नाव घेतात.

त्यानंतर तू गाड्या घेणं बंद करशील असं मला वाटलं होतं. तू केलं नाहीस. भिंतीवरचे खिळे भरत गेले.

भिंतीचं इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. तू नवे बोल्ट टाकलेस की काढलेले दोन जुने तारेत बांधायचास, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी अडकवायचास आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचास. आठ दिवसांनी गिऱ्हाइकानं परत यायचं. गाडी तापून, निवून, पुन्हा तापून बोल्ट जागेवर बसलेले असतात, तेव्हा थंड इंजिनावर ते एकदा पुन्हा बघायचे. ते झालं की जुने बोल्ट भंगारात जायचे. भिंतीवर जे लटकतंय ते अजून राहिलंय, हा तुझा नियम. कुणी आलं नाही की तू फोन करून शिव्या घालायचास. तरी लोक टाळायचे. "मारुती मिस्त्रीनं कसलंय म्हंजी कसलंय, पुन्यांदा काय बगायचं?" असं म्हणायचे. तुझ्यावरच्या विश्वासानंच ते यायचे नाहीत. आणि गेले दोन महिने तू फोन करणंही सोडलंस. पुन्हा तपासताना तुला काही कळणार नव्हतं, आणि ते कुणाला कळायला नको होतं. हो ना?

तर दहावा. सीना नदीच्या काठी सकाळी आठची वेळ, हातपाय आकसून टाकणारी थंडी. मोठ्या फ्लेक्सवर तुझा फोटो होता, लग्नातला, फेट्यातला. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. आपल्याकडं दहाव्याला माइक मिळाला की माणूस सोडत नाही. एक पुढारी उठले. ते म्हणाले, "मारुती मिस्त्रींच्या मनगटातच काटा होता! त्यांना कधी यंत्राची गरज पडली नाही!" लोकांनी माना डोलावल्या. मीही मान खाली घालून बसले होते, बायकांच्या मागं, गाड्या लावल्या होत्या तिकडच्या कडेला.

दोन वाक्यांच्या मध्ये पुढारी श्वास घ्यायला थांबले आणि मला ते ऐकू आलं.

टिक. टिक. टिक. टिक.

पुढारी बोलायला लागले की ते दबायचं, थांबले की पुन्हा यायचं. जणू तेवढ्यासाठीच कुणीतरी मध्ये जागा सोडत होतं. थंड इंजिनात सीटखालचा जोड एका बाजूनं उचललेला असला की असा आवाज येतो. गाडी तापली की लोखंड फुगतं आणि तोही बहुधा बंद पडतो; जोड फारच उचललेला असला तरच चालू राहतो. तूच शिकवलंस. मी मागं पाहिलं. जेऊरच्या दत्तूची व्हॅन, शाळेची पोरं नेतो तो दत्तू. इंजिन चालू, काचा बंद. सीटखालून ऊब येते म्हणून त्यानं आपल्या दोन्ही पोरींना आत झोपवलं होतं आणि स्वतः पुढं येऊन तुझ्या फोटोला फुलं वाहून बसला होता. त्याचे दोन बोल्ट तुझ्या भिंतीवर होते.

मी दार उघडलं. आत कसलाच वास नव्हता. एवढं शांत होतं की दोघींना उठवायचा मला संकोच वाटला, हे मी तुला खरं सांगते. धाकटी हलवल्यावर कुरकुरली. थोरली उठेचना. मी तिला ओढून बाहेर आणलं, गवतावर घातलं, थापट्या मारल्या, आणि ती ओकली आणि मग मोठ्यानं रडायला लागली. रडणं ऐकून मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दत्तू धावत आला. "थंडीनं झालं आसंल, ताई. रातीचं कायतरी खाल्लं आसंल."

"थंडीनं नाही. दुसऱ्या गाडीत घाल आणि दवाखान्यात ने. गाडीत कोंडल्या होत्या, धूर गेलाय अंगात, असं सांग. आधी ते सांग."

त्यांना प्राणवायू लावला. संध्याकाळी धाकटी वडापाव मागत होती. हे आधी सांगून टाकते, तू घाबरशील म्हणून.

गाडी गेली आणि मी माइकपाशी गेले. लोकांना वाटलं, भाची आहे, दोन शब्द बोलेल, रडेल. मी म्हणाले, "मामाची बोटं दिवाळीपासून बधिर होती. त्याला कळत नव्हतं बोल्ट किती कसला ते. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दसऱ्यानंतर ज्यांनी त्याच्याकडून सायलेन्सरचं काम करून घेतलंय त्यांनी आज काचा उघड्या ठेवून घरी जा, लेकरं गाडीत झोपवू नका, आणि उद्यापासून गॅरेजवर या. मी तपासून देईन. काट्याच्या पान्यानं."

तुझ्या थोरल्या भावानं माइक हिसकावला. "मेलेल्या मानसाची अब्रू काढती व्हय गं? दहाव्याला? ह्येच शिकिवलं का तुला त्या कागदांनी?"

हो, हेच शिकवलं. फक्त त्या कागदांनी मला हे शिकवलं नव्हतं की ते सांगताना तुझ्या फोटोकडं कसं पाहायचं. मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर शटर आधीच उघडं होतं. मामी तुझ्या स्टुलावर बसली होती. मला वाटलं आता ही मला हाकलणार. तिनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, "मलाबी म्हाईत हुतं. च्या गरम हाय का गार ते मला इचारायचे. कप हातात आसताना." मग स्टुलावरून उठत, "तू निदान बोललीस."

आठ दिवस गाड्या येत राहिल्या. काही शिव्या देत आले, काही नुसतेच, खाली मान घालून. मी एकेक जोड उघडला. तुला सांगू, मामा, तुझे बोल्ट वाचता येतात. दसऱ्याच्या आसपासचे दोन्ही अगदी सारखे, पुस्तकातल्या आकड्याला टेकलेले. तुझ्या हातात खरंच काटा होता, त्यात कुणी खोटं बोललं नाही. मग पुढं पुढं उजवीकडचा जास्त कसलेला आणि डावीकडचा कमी. दर गाडीला फरक थोडा वाढलेला, नेहमी त्याच बाजूला. मी त्या तारखांच्या क्रमानं गाड्या लावल्या असत्या तर तुझी बोटं कुठल्या दिवशी कुठपर्यंत मेली होती ते दाखवता आलं असतं. करंगळी आधी. अंगठा शेवटी. उघड्या दारातून वारा येऊन भिंतीवरचे बोल्ट एकमेकांवर वाजायचे आणि मी पाठमोरी असताना मला वाटायचं, तू एकेक मोजून खाली काढतोयस. वळून पाहावं तर तेवढेच.

भिंतीवर नऊ जोड्या होत्या. आठ उतरल्या. नवव्या जोडीला चिठ्ठी होती, पण कोरी. तिच्यावर नाव नव्हतं, बोटाचा काळा ठसा तेवढा.

"ती त्याच दिशीची," मामी म्हणाली. "पांढरी व्हॅन. पाथर्डीकडची मानसं, नवरा-बायको न् तीन लेकरं. मागं कोयते बांधलेले. कोपरगावच्या पल्याड तोडीला निगालेती. ती गाडी गेली न् मी जेवायला हाक मारली."

तुला पेन धरता आलं नाही का रे?

पांढरी व्हॅन, मागं कोयते. मी एक लहानसं पत्रक काढलं, तुझं नाव आणि माझं नाव घालून, काय झालंय ते स्पष्ट लिहून. कारखान्यांत विचारलं. तिथं उसाच्या प्रत्येक खेपेचं वजन लिहिलेलं होतं. तो ऊस तोडणाऱ्या माणसांची यादी मला कुणी दाखवू शकलं नाही. "मुकादमाला इचारा," म्हणाले. मुकादम म्हणाला, "मानसं काय, येत्यात न् जात्यात." या एका वाक्यावर मी वेगळं पत्रक लिहिणार आहे, ते तू ऐकून घ्यायचा नाहीस म्हणून सोडते.

पाना पिशवीतून बाहेर आलेला पाहून कोपरगावच्या एसटीतला कंडक्टर म्हणाला, "ताई, कुनाचं डोस्कं फोडायला निगाला?"

"बोल्ट कसायला."

"मग हितनंच सुरू करा की. सगळी यष्टी वाजतीया."

तीन दिवस मी फडाफडावर हिंडले. चौथ्या सकाळी, गोदावरीवरचं धुकं अजून उसावर होतं तेव्हा, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांच्या रांगेच्या टोकाला ती दिसली. पांढरी व्हॅन. चारी काचा खाली. एवढ्या गारठ्यात तिच्यातून वारा आरपार जात होता. मी जवळ जायच्या आधीच एक माणूस कोपीतून बाहेर आला, माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाला, "मारुती मिस्त्रीची भाची का? लई उशीर केला. आटव्या दिशी येनार हुता तुमी."

मामा, मी कुणाला सांगितलं नव्हतं की मी तिथं येतेय. मी कधीच कुणाला आठ दिवस म्हणाले नव्हते. मी पिशवी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मिस्त्रीनंच की. म्हनले, माज्या बोटास्नी आता समजंना झालंय. कसलंय, पन खात्री देत न्हाई. आज ऱ्हावा, भाचीला बलावतो. आमाला ऱ्हाता येईना, टोळी फुडं गेल्ती. मग म्हनले, काचा उगड्या ठिवून जा. लेकरं गाडीत झोपवू नगा. तुमी परत येऊ नगा, आटव्या दिशी भाचीच येईल तिकडं. तिच्याकडं काट्याचा पाना हाय, तिच्याकडूनच कसून घ्या."

त्याची बायको मागून आली. कडेवरचं लेकरू खोकत होतं. "खोकून खोकून पोरांच्या छातीचा भाता झालाया. लई शिव्या घातल्या मी तुमच्या मिस्त्रीला. मेला सोता का येत न्हाई?"

"गेले ते," मी म्हणाले. "तुम्ही निघालात त्याच दुपारी."

तिनं पदर तोंडाला लावला.

मला तू कधी सांगितलं नाहीस. भावाला नाही, मामीलाही नाही. रस्त्यानं जाणाऱ्या, नाव न लिहिलेल्या माणसाला सांगितलंस, आणि माझा शब्द देऊन टाकलास, आणि मग तो मला कळवायच्या आत बसलास जाऊन स्टुलावर. वाद मी जिंकले म्हणायचा. तो मला जिंकायचा नव्हता असं आता मी म्हणणार नाही. जिंकायचाच होता. पण तू समोर असताना, तू कुरकुरत, "बरं बाई, लाव तुजा काटा," असं म्हणताना.

सीट उचलली. इंजिन रात्रीपासून थंड होतं. पाना डावीकडच्या बोल्टला लावला तर तो जवळजवळ हातानंच फिरला. पॅकिंगच्या कडेला काजळी धरली होती, बोटभर, थेट सीटच्या दिशेनं. काचा बंद असत्या तर त्या पाच माणसांचं काय झालं असतं ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते. तुझा हात त्यांना वाचवू शकला नव्हता. तू तोंड उघडलंस म्हणून ती वाचली. मी माझं दिवाळीनंतर मिटून घेतलं होतं.

नवं पॅकिंग घातलं. दोन्ही बोल्ट आधी अर्ध्या जोरानं, आळीपाळीनं, मग पूर्ण आकड्याला. टक. दुसरा. टक. इंजिन चालू केलं, तापवलं, निवू दिलं. दुपार झाली. पुन्हा पाना लावला. दोन्ही जागेवर होते.

"आता काचा लावल्या तरी चालतील," मी म्हणाले.

ती बाई माझ्याकडं पाहत होती, लेकराला घट्ट धरून. "आदी तुमी बसा," ती म्हणाली. "काचा लावून. मग बगू."

बरोबर होतं तिचं. मी इंजिन चालू केलं, पुढच्या सीटवर बसले आणि चारी काचा बंद करून घेतल्या. बाहेरचं सगळं बोलणं एकदम थांबलं. ती पाचही माणसं काचेला नाकं लावून उभी होती आणि मला पाहत होती, मी झोपते का ते. सीटखालून ऊब वर यायला लागली. मीही स्वतःकडं लक्ष ठेवून होते, डोकं जड होतंय का, जांभई येतेय का. थोड्या थोड्या वेळानं मधला पोरगा काचेवर टिचकी मारायचा. मी हात वर केला की तो ओरडायचा, ते मला त्याच्या ओठांवरून कळायचं: "जागी हाय!"

अर्धा तास झाला असेल. बाईनं दार उघडलं. माझ्या तोंडाकडं एकदा नीट पाहिलं. मग खोकणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी चढून बसली, आणि दार आपल्या हातानं ओढून घेतलं.